बॅटरीवरचा नाझरेनो

प्रिय एफ्रेन,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'ऐक' म्हटलं की तुझ्या शिव्या सुरू होतात आणि शिव्या संपेपर्यंत लाइन जाते. म्हणून लिहिते आहे. तुमच्या बोटीवर चढणारा नवा स्वयंपाकी आपल्या इमुस गावचाच निघाला, त्याच्या हाती हे पत्र देते. कागदावर तुला ओरडून मला गप्प करता येणार नाही, तेव्हा निमूट शेवटपर्यंत वाच. मागच्या फोनला तू म्हणालास, "देन्सियोने अर्धंच काम केलंय, उरलेलं मी उतरल्यावर करतो." तू त्या दुकानवाल्या आर्नेलला मारणार, मग तुला तुरुंगात घालणार, आणि मी दोन घरांचं सुतक पाळत बसणार. एवढंच ना तुझ्या मनात आहे?

आधी त्या दुपारचं सांगते. तुला ते कुणीच नीट सांगितलेलं नाही. रविवार होता, चुलीवर सिनिगांगचा आंबट रस्सा उकळत होता, आणि आपला जोमार टेबलाशी बसून ते त्याचं धूर ओढायचं तांब्याचं व्हेप पुसून पुसून चकाकवत होता. मी त्याला टोमणा मारला, एवढं अंग स्वतःचं घासलं असतंस तर लग्न जमलं असतं. तो हसला. ती वस्तू कसली ते तुला माहीत आहे. एक नळी, आत बॅटरी, खाली बटण, बस. काही बिघडलं तर आपोआप बंद करणारं आत काही नाही. त्याने ती तोंडाला लावली, बटण दाबलं, आणि मला वाटलं गॅसचा सिलिंडर फुटला. नळीचा वरचा तुकडा त्याच्या जबड्यातून आरपार जाऊन पंख्यावर आदळला, पंख्याचं पातं वाकलं. मी वळून पाहिलं तर माझ्या पोराला खालचा ओठच नव्हता. दात भाताच्या पातेल्यात पडले होते. तो ओरडत नव्हता, नुसता घरघरत होता आणि दोन्ही हातांनी हनुवटी गोळा करत होता. मी टॉवेल कोंबला आणि ट्रायसिकल रिक्षामध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्या ट्रायसिकलवाल्याला मी अशा शिव्या घातल्या की तुम्हा खलाशांनीही कान झाकले असते. बिचारा चांगलं चालवत होता.

मग तू फोन केलास. बायकोला नाही, भावाला. काय कान भरलेस त्याचे ते तुला माहीत. देन्सियोने नारळ फोडायचा कोयता उचलला आणि भर बाजारातून चालत, जोमारने ती नळी घेतली त्या आर्नेलच्या दुकानात शिरला. आर्नेल काचेच्या टेबलामागे कुणाच्या तरी व्हेपमध्ये कापूस भरत होता. पहिल्या घावात त्याची दोन बोटं गेली आणि काच फुटली. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड दिसेपर्यंत. बाजारातल्या चौघांनी देन्सियोला खाली पाडून तुडवलं, त्याच्याही बरगड्या मोडल्या. आर्नेल त्या रक्तात पडून सारखा 'कव्हर, कव्हर' म्हणत होता, असं सगळे सांगतात. देन्सियोला वाटलं, मेला सबबी सांगतोय. आता तुझा भाऊ कोठडीत आहे आणि त्याचा डबा मी नेते.

मीही काही साधू नाही, एफ्रेन. तिसऱ्या दिवशी मीसुद्धा त्या दुकानात गेले, त्याच्या बायकोच्या तोंडावर थुंकायला. ती लिसेट पायऱ्या धूत होती. तिने मला बसायलाही सांगितलं नाही, आत जाऊन एक पिशवी आणली आणि माझ्यापुढे रिकामी केली. खिशात किल्ल्या बॅटरीला लागू नयेत म्हणून प्लास्टिकच्या डब्या. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटण अडवायची कडी. तार बरोबर बसली की नाही ते बघायचं मीटर. आणि बॅटरीला चढवायची साधी, कोरी कव्हरं, गठ्ठाभर. म्हणाली, नवशिका आला की हे हातात दिल्याशिवाय माझा नवरा नळी विकत नाही, आणि तुमच्या पोराला तर कव्हरं फुकट देऊ केली, त्याने घेतली नाहीत. मी म्हटलं, खोटं बोलतेस. म्हणाली, पोरालाच विचारा. थुंकायचं राहून गेलं. मी तशीच हॉस्पिटलात गेले आणि विचारलं. त्याने उशीत तोंड लपवायला पाहिलं, पण तारांनी बांधलेल्या जबड्याला तेही जमेना. मग फोनवर लिहून त्याने सगळं सांगितलं.

जानेवारीत तू सुट्टीवर होतास. पोर व्हेप सोडत नाही म्हणून आधी तू त्याच्या डोक्यात एक ठेवून दिलीस. मग तुला राहवेना. खिशात आग घेऊन फिरतोय, तर सोबत देव तरी असू दे, म्हणालास. बॅटरीवर चढवायचं कव्हर छापून आणलंस, त्यावर खांद्यावर क्रूस घेतलेला आपला काळा येशू, नाझरेनो. किआपोच्या मिरवणुकीत ते टॉवेलात गुंडाळून रथावरच्या माणसांकडे फेकलंस आणि त्यांच्याकडून मूर्तीला लावून परत घेतलंस. त्या चेंगराचेंगरीत तुझ्या अंगठ्याचं नख गेलं, पण घरी आलास तेव्हा लग्नातही दिसला नव्हतास इतका खूश होतास. त्या कव्हरचा मुका मीही घेतला होता. ते कव्हर वरच्या कडेला फाटलं, एफ्रेन. तिथे फाटलं की आतला धातू नळीला टेकतो आणि सगळी आग एकदम सुटते. आर्नेलने ते पाहिलं, कात्री घेतली, हे काढून पाकिटात ठेव आणि कोरं चढव म्हणाला. जोमारने बॅटरी त्याच्या हातातून हिसकावली. म्हणाला, "पापा समुद्रावर आहेत आणि मी देवाला सोलून काढू?" घरी येऊन त्याने त्यावर चिकटपट्टी लावली.

हे तुला कळू द्यायचं नाही म्हणून तो माझ्यामागे हात धुऊन लागला होता. बोलता येत नाही, तर फोनवर लिहून दाखवायचा, पापांना आर्नेलवरच रागवू दे. मी शपथही घेतली. आज मोडते आहे, कारण तू त्या माणसाला मारायला निघाला आहेस आणि पोर त्या शपथेखाली रात्रंदिवस रडतंय. हे वाचून तुझं काय होईल ते मला कळतं. मला तुझा राग नाही, पण तुला जवळ घ्यायला मी तिथे नाही याचा फार राग येतो. तू उतरलास की दुकानाच्या रस्त्याने येऊ नकोस, सरळ घरी ये. त्याच्या जबड्याची तार काढली आहे, ओठ शिवलाय. 'प' म्हणायला दोन ओठ लागतात, ते त्याला अजून जमत नाही. 'आआ' म्हणतो. सकाळभर खिडकीशी बसून तेवढंच घोकत असतो. तू दारात आलास की तो तेच म्हणेल. ते तुलाच आहे. ओ दे.

तुझीच, भांडूनही तुझीच,
मारिलू