‘घरगुती कारण’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
स्वसंरक्षण दल, किताहारा छावणी, होक्काइदो

विषय : दिवंगत सार्जंट मासाओमी ओबाता यांच्या मृत्यूच्या नोंदीतील शेरा.
संदर्भ : आपले दि. २ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

आत्ताच भाताच्या कुकरचा खटका वाजला, तेवढाच घरातला आवाज. भात मुरेपर्यंत, मुलगी उठायच्या आत हा अर्ज लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमस्व.

१. माझे पती परदेशी वाळवंटातील तळावर तीन महिने पाणी शुद्ध करण्याच्या कामावर होते. त्या काळात मी, दूर गेलेल्या माणसासाठी मांडायच्या रीतीप्रमाणे, रोज त्यांच्या नावाची गरम भाताची झाकणवाटी मांडत असे. झाकणाच्या आत वाफेचे थेंब धरले की माणूस सुखरूप. आमची कोनात्सु झाकण उचलून ओरडायची, "बाबा बरे आहेत!"

२. ते परतले त्या दिवशी मी ती वाटी कपाटात ठेवून दिली. ही चूक माझी. माणूस समोर बसला होता, पण परत आला नव्हता. गेल्या वर्षी जत्रेत आतषबाजी सुरू झाली, तेव्हा मुलीला छातीशी धरून ते टेबलाखाली बसून राहिले. नंतर हसून म्हणाले, "तळावर तोफगोळे पडायचे गं. पण त्यांना तोफगोळे म्हणायचं नाही, असा हुकूम आहे." या मार्चमध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

३. आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले, "वहिनी, राज्यघटनेने आपल्याला युद्धाची मनाई आहे. म्हणून दल पाठवलं तेच युद्ध नसलेल्या भागात. जे युद्ध नव्हतंच, त्यानं माणूस खचेल कसा? घरी काही कुरबुर?"

मी म्हणाले, "एकदा मोज्यांवरून भांडलो होतो." तेवढे मात्र लगेच लिहून घेतले गेले.

४. युद्धाला मनाई करणाऱ्या त्या नवव्या कलमाबद्दल माझी तक्रार नाही. ते त्यांना शाळेपासून पाठ होते. पुरातली माणसे नावेत ओढून घ्यायची म्हणूनच ते दलात गेले. मला भरपाईही नको. ‘युद्ध’ लिहिता येत नसेल तर रकाना कोरा सोडावा. पण ‘घरगुती कारण’ नको. या घरात आता दोघीच आहोत.

५. आपले पत्र काल टेबलावर राहिले. कोनात्सु आता दुसरीत आहे, वाचते. बोट ठेवून तिने विचारले, "घरगुती म्हणजे आपल्या घरातलं ना? मग आई, तू की मी?"

उत्तर आपणच कळवावे.

आपली नम्र,
चिहारू ओबाता
१२ नोव्हेंबर २००७

सोबत : आपले मूळ पत्र, परत.