रक्तातला धातू आणि माझे तिखट कान

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही यथास्थित असतील अशी आशा करतो.

तुझा एक फोन मला केवढ्याला पडला ते आधी ऐक: घरातली सगळी चालती पातेली, दोन-तीन कुप्या रक्त आणि बायकोचा आठवडाभराचा अबोला. 'तू एकच गोष्ट तीनतीनदा विचारतोस, ॲल्युमिनियम मेंदूत साठतं म्हणतात,' असं तू म्हणालीस (हिने स्पीकरवर ऐकून मला सांगितलं). ज्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांवर मी शून्यातून कारखाना उभा केला, तीच माझ्या मुळावर उठली म्हणायची! शेवटी शेवटी आपल्या अण्णांना पोटचा मुलगाही ओळखू येईना, भाजीच्या गाड्यावर असल्यासारखं मलाच गिऱ्हाईक समजून त्यांनी वांग्यांचा भाव सांगितला होता, ते आठवलं. त्याच दुपारी पातेली भंगारात घातली. (भात आता तुमच्या डोक्यावर शिजवू का, असं हिने विचारलं. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.) एरवी माझे कान तिखट. पातेलं ठोकलं की नुसत्या आवाजावरून पत्र्याची जाडी सांगतो, अख्खा कारखाना साक्षीला आहे.

स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि अगदी मऊ बोलणाऱ्या. त्यांनी रक्तातलं तांबं, जस्त, ॲल्युमिनियम, सगळं तपासून घेतलं. सगळं जागच्या जागी. पातेल्यांमुळे विसरायला होतं असं काही सिद्ध झालेलं नाही, असंही त्या म्हणाल्या (तेही हिनेच सांगितलं). मग त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. मला एकही येईना. हिचे डोळे भरून आले. बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी नवे पाच शब्द कागदावर लिहून दाखवले. ते मी सुलटे-उलटे घडाघडा म्हणून दाखवले. तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "काका, तुम्ही विसरत नाही. तुम्हाला ऐकूच येत नाही."

म्हणजे जन्मभराच्या ठणठणाटात धातू अंगात शिरला खरा, पण कानाच्या दाराने.

ताई, बाकीच्यांना वाटलं, साहेब मोठे झाले, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. टोकलंस ते तू एकटीने. नाहीतर मी मनातल्या मनात अण्णा होत बसलो असतो. तुझे उपकार फेडायच्या भानगडीत मी पडत नाही, तुझ्या ऋणात मला बरं वाटतं.

तुझा,
धाकटा

ता. क. मागच्या महिन्यात तू फोनवर बराच वेळ हळू आवाजात काही सांगत होतीस आणि मी 'हो हो, अगदी नक्की' म्हणत होतो. (ही तेव्हा घरात नव्हती.) मी कशाला हो म्हटलं, ते लिहून कळव. दाजींचं आभाराचं पत्र आलं आहे, म्हणून धास्ती वाटते.

आणखी ता. क. कानाचं यंत्र काल बसवलं. तडक कारखान्यात गेलो आणि जाड-पातळ पातेली ओळीने ठोकून पाहिली. सगळी सारखीच वाजतात.