सोनाच्या रक्ताच्या दोन नळ्या

लाडके सोने,

तुला लिहिताना वर 'चि. सौ.' घालायची सवय. आज हात तिथेच अडला. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. काल तुझ्या रक्ताचा निकाल लागला, आणि तो इतका लांबला तो तुझ्या दादाच्या चुकीमुळे.

मोशीला माहेरपणाला आलीस आणि तिसऱ्याच दिवशी तापात बरळू लागलीस. मी पुण्याच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, माझं कामच ते! तुझं रक्त मीच काढलं आणि नळीवर लिहिलं : सोना, मोशी. "दादा, मुंगी चावली रे," म्हणालीस. तेवढंच मी ऐकलेलं तुझं शुद्धीतलं बोलणं.

डासांमुळे होणारा हा मेंदूचा ताप नेमका कोणत्या विषाणूचा, ते एका नळीवरून कळत नाही. आजारातलं रक्त एक, तीन आठवड्यांनंतरचं दुसरं, अशी जोडी लागते. दुसऱ्यात त्या विषाणूशी लढणारी द्रव्यं वाढली असली, तरच चोर सापडतो. तोवर दाजींनी तुला सासरी चाकणला नेलं होतं. ताप उतरला, पण अंगात त्राण आलं नाही. महिना भरायच्या आत तू गेलीस. दुसरी नळी मला कुठे दिसली नाही. सासरच्यांनी सुई लावू दिली नसणार, असं मी धरून चाललो. दहाव्यालाही दाजींशी बोललो नाही गं!

मागच्या महिन्यात चिंचवड स्टेशनावर त्यांनीच मला गाठलं. "आमच्या सुशीलाच्या रक्ताचं काय झालं, पाव्हणं? तुमचं डाक्टर आलं तवा तिनं सोताच हात म्होरं केला. माज्या दादाचं काम हाय, म्हनली."

सुशीला! लग्नात ठेवलेलं तुझं नाव. आपल्या घरात ते कधी कुणी घेतलं होतं का? 'सुशीला, चाकण' ही नळी दोन महिने माझ्या हाताखालून जात होती आणि मी तिला कुणी परकी बाई समजत होतो.

डॉक्टरांना सगळ्यांसमोर चूक सांगितली. मग दोन्ही नळ्यांतलं रक्तजल वेगवेगळ्या विषाणूंत मिसळून उंदरांना टोचलं. पहिल्या नळीचे सगळे मेले. दुसऱ्या नळीचे, एका विषाणूपुरते, जगले; तुझ्या रक्ताने तो विषाणू अडवला होता. जगले, सोने! तू लढली होतीस.

पण या विषाणूंना भाऊबंद पुष्कळ, एकासारखा दुसरा. एका जोडीवर डॉक्टर नाव पक्कं करत नाहीत. अजून जोड्या हव्यात, आणि गाव म्हणतं, सुई टोचली म्हणूनच पोर गेली. आईसुद्धा तेच म्हणते. मी कुणाला काय बोलू? मीही चौकशी न करताच निवाडा केला होता.

रविवारी दाजी आणि मी मोशीपासून चाकणपर्यंत घरोघर जाणार आहोत. सगळ्यांदेखत आधी माझ्या दंडात सुई, मग दाजींच्या. लोक नाही म्हणाले तर पुढच्या रविवारी पुन्हा. आणि तुला वचन देतो, प्रत्येक बाईचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहिल्याशिवाय नळीला बूच लावणार नाही.

सोनाचा, आणि सुशीलाचाही,
दादा