माझ्या बंदुका माझ्याच घरात

९ नोव्हेंबर, रविवार
जोलीनचा फोन. थँक्सगिव्हिंगला चार दिवस येते म्हणाली, टेसाला घेऊन. नात वर्षभराने येणार! मी खुर्चीतून उठलोच. मग म्हणाली, पण बाबा, एक अट आहे. घरातल्या सगळ्या बंदुका कुलपात हव्यात, आणि किल्ली आईकडे. नाहीतर आम्ही मोटेलात उतरू.
मोटेलात! बापाच्या गावात!
म्हटलं, माझं घर, माझा हक्क, राज्यघटनेत लिहिलंय. ती म्हणाली, घटनेत टेसासाठीही काहीतरी असेलच की. वकिलाशी लग्न करू दिलं, दुसरं काय.
लहानपणी तिला केकच्या भांड्यात पिस्तूल सापडलं होतं, ते अजून धरून बसलीय. रिकामं होतं ते. जवळजवळ.
निर्धार : झुकायचं नाही. गोड बोलून समजवायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शिकारी क्लबची मीटिंग. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम सुरू, त्यामुळे झाडून सगळे हजर. अध्यक्ष डेलबर्ट भलताच पेटला होता. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, गड्यांनो, आज कुलूप लावा म्हणतात, उद्या दार काढा म्हणतील! नीटसं कळलं नाही, पण अंगावर काटा आला. सगळ्यांनी शपथ घेतली : आमच्या बंदुका आमच्याच घरात, कुलूपबिलूप चालणार नाही. सगळ्यात उंच हात माझा.
घरी आल्यावर बायकोला, लोरेटाला, सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, तुला नात हवी की टाळ्या? तिला तत्त्वाचं काही पडलेलंच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
शांतपणे विचार केला. लोकांची सुरक्षितता महत्त्वाची, हे मी कधी नाकारलंय? उलट गावात माझ्याइतका काळजी घेणारा माणूस दाखवा. रायफली कपाटात असतात. चेरीच्या लाकडाचं कपाट, मी स्वतः केलंय, पुढे काच. किल्ली कुलपालाच लटकते, म्हणजे हरवायचा प्रश्न नाही. राहता राहिलं पिस्तूल. ते आज अशा जागी लपवलं की कोणाच्या बापाला सापडायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पिस्तूल मलाच सापडत नाहीये.
पण म्हणजे योजना फत्ते! मला सापडत नाही तर सहा वर्षांच्या पोरीला कुठून सापडणार? जोलीनला फोन करून हे पटवून दिलं. तिने फोन ठेवून दिला. पटलं असावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पिस्तूल सापडलं. लोरेटाकडे चर्चमधल्या गाणाऱ्या बायका कॉफीला आल्या होत्या. त्यातल्या एकीला नॅपकिन हवा होता.
लोरेटा माझ्याशी बोलत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
जोलीनने मोटेल बुक केलं. ठीक आहे. तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते. लोरेटा सणाचा गोड पदार्थ, भोपळ्याचा पाय, भाजत होती. एवढ्या लवकर कसला सराव, म्हणून विचारलं, तर म्हणाली, मी पण मोटेलात जेवणार आहे. टर्कीसुद्धा तिकडेच. तू आणि तुझी राज्यघटना, दोघं मिळून सँडविच खा.

२६ नोव्हेंबर, बुधवार, दुपार
मोठ्या मनाने निर्णय घेतला. झुकणं वगैरे नाही, फक्त सणापुरती सोय. घरी पाहुणे असेपर्यंत रॉक्सॅनच्या बंदुकीच्या दुकानात बंदुका ठेवून घेतात. क्लबातलं कोणी बघू नये म्हणून सगळ्या रजईत गुंडाळून, ट्रकमध्ये घालून, मागच्या दाराने गेलो. रॉक्सॅनला म्हटलं, जरा तेलपाणी करून दे, घाई नाही, सोमवारी नेईन.
ती म्हणाली, काका, जागाच नाही. सगळ्यांचं तेलपाणी आधीच आलंय.
मागच्या खोलीत डोकावलो. आख्खा क्लब भिंतीला टेकून उभा! प्रत्येक बंदुकीला नावाची चिठ्ठी. पहिला नंबर डेलबर्टचा. त्याने म्हणे ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं, सुनेची सक्त ताकीद आहे. म्हटलं, काचेच्या कपाटावर जोलीन ऐकायची नाही, मग एखादी तिजोरी तरी दे. शेवटची सकाळीच गेली. क्लबच्या खजिनदाराने नेली, बायकोसाठी शिवणयंत्र घेतोय असं सांगत.
म्हणजे शपथ खरी मानणारा गावात मी एकटाच गाढव!

त्याच दिवशी, संध्याकाळ
लोरेटाला सगळं सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, डोंगरावरच्या शिकारीच्या केबिनवर घेऊन जा सगळ्या. म्हटलं, तिथे दाराला धड कडी नाही, बंदुका अशा उघड्यावर टाकून येऊ? ती म्हणाली, तू आहेस की राखणीला. आणि लगेच जोलीनला फोन करून मोटेल रद्द करायला लावलं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
केबिन. बर्फ पडतोय. चूल धुरकटतेय. हक्क शाबूत, सुरक्षितता शाबूत. बघायला गेलं तर दोन्ही बाजूंनी मीच जिंकलो. लोरेटाने टर्की फॉइलमध्ये बांधून दिली होती, गोठली. भोपळ्याचा पाय द्यायचा राहिला.
जोलीनने फोटो पाठवला. टेसा माझ्या खुर्चीत बसलीय, हनुवटीला क्रॅनबेरी. केवढी मोठी झालीय पोरगी. फार वाईट वाटलं.
मग टेसाचा फोन आला. दाराबाहेर उभं राहिलं तरच नीट ऐकू येतं, म्हणून बर्फात उभा राहून बोललो. तिने विचारलं, आजोबा, तू का नाही आलास? म्हटलं, अगं, बंदुकांजवळ कोणीतरी थांबायला हवं ना. ती हळूच म्हणाली, त्यांना एकट्याने झोपायची भीती वाटते का?
म्हटलं, हो गं. वाटते थोडी.