राजरत्न कासारे यांच्या तोंडाला येणाऱ्या वासाबाबत

दिनांक : २८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी (शिस्तभंग),
प्रभातज्योत विज्ञान महाविद्यालय,
परळ, मुंबई

विषय : रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील परिचर श्री. राजरत्न कासारे यांच्याविरुद्धची तक्रार मागे घेणे व खऱ्या दोषीचे नाव कळविणे.

संदर्भ : १) 'एक हितचिंतक' या सहीचे निनावी पत्र, दि. ३ नोव्हेंबर.
२) श्री. कासारे यांच्या निलंबनाची सूचना, दि. ७ नोव्हेंबर, कार्यालयाबाहेरील फलकावर लावलेली.

महोदय,

अर्जदार जयवंत लवू घाडीगावकर, वय सत्तावन्न, राहणार लालबाग, हा आपल्या महाविद्यालयात एकतीस वर्षे प्रयोगशाळा सहाय्यक आहे. येत्या सोमवारी श्री. कासारे यांची सुनावणी असून त्यांना कामावरून काढण्याचे घाटते आहे, असे समजते. तत्पूर्वी हा अर्ज वाचावा, ही विनंती. मजकूर लांबला आहे. ज्याला कबुली द्यायची असते तो आधी इकडचे तिकडचे सांगत बसतो, तसे झाले आहे.

१. प्रथम ॲसिटोनविषयी. हे द्रव पाण्यासारखे दिसते, वास गोडसर, थोडा पिकल्या फळासारखा. छप्पन्न अंशांना उकळते, पाण्यात सहज मिसळते, आणि धुतलेल्या काचेवर फिरवले की डाग न ठेवता उडून जाते, म्हणून प्रयोगशाळेत त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या दिव्यावरही पेट घेते. कपाटाशेजारी 'बूच घट्ट लावा, आसपास दिवा नको' असा जो फलक आहे, तो अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. नवीन आलेल्या राजरत्नला पहिल्या दिवशी तोच पाठ करायला लावला होता. त्याला आता चौदा वर्षे झाली.

२. अर्जदाराची मुलगी आकांक्षा घरीच नववधूंची नखे रंगवून देते. चिकटवलेली नखे काढायला ॲसिटोन लागते, ते बाजारात महाग पडते, असे ती एकदा जेवताना सहज म्हणाली. तिने मागितले नव्हते, हे नमूद करतो. अर्जदारालाच बापपण दाखवण्याची हौस आली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली भरून तो दर शनिवारी डब्याच्या पिशवीतून घरी नेऊ लागला. मुलीला सांगितले, कॉलेजात जुना साठा टाकून देतात. दीड वर्ष हे चालले. ज्याच्याकडे कपाटाची किल्ली, त्यानेच हात मारला. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच.

३. मार्च महिन्यात एकदा बाटली पिशवीत गळली आणि अर्जदाराच्या ओळखपत्रावरचा फोटो विरघळला. नाव राहिले, तोंड गेले. त्या दिवशी शहाणा माणूस थांबला असता. अर्जदाराने कार्यालयात 'घामाने खराब झाले' असे लिहून देऊन नवे ओळखपत्र घेतले. आपल्या कारकुनाने विश्वासही ठेवला.

४. ऑक्टोबरअखेर साठा तपासणीची तारीख लागली आणि अर्जदाराची झोप उडाली. त्याच सुमारास राजरत्नचे वागणे बदलले होते. तो वाळला होता. तासातासाला बाहेर जायचा, नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायचा, दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या डोळे मिटायचा. आणि एके दिवशी बाटल्या उतरवताना तो शेजारी वाकला, तेव्हा त्याच्या तोंडाला वास आला.

५. महोदय, हा वास दारूचा नव्हता. एकतीस वर्षे ज्या वासात काढली तो अर्जदाराला झोपेतही ओळखता येईल. तो ॲसिटोनचा होता. 'हे याच्या तोंडाला कसे?' हा प्रश्न अर्जदाराच्या मनात आला. तो विचारायला हवा होता. 'राजरत्न, बरा आहेस ना रे?' एवढे शब्द पुरले असते. त्याऐवजी अर्जदाराला हायसे वाटले. या अर्जात लिहायला सर्वांत जड गेलेला शब्द तोच आहे, हायसे.

६. त्याच संध्याकाळी अर्जदाराने डाव्या हाताने पत्र लिहिले, की सदर परिचर साठ्यातील ॲसिटोन नशेसाठी पितो, वारंवार बाहेर जातो, त्याचे डोळे तारवटलेले असतात, तोंडाला वास येतो. खाली सही केली, 'एक हितचिंतक'. पुढे आपण दालनात बोलावून जाणकार म्हणून अर्जदाराचे मत विचारले. 'साहेब, माझे नाक फसत नाही,' असे तो म्हणाला. ते खरेच होते, म्हणून अधिक वाईट. कोणीही आणखी चौकशी केली नाही. हेच पत्र घाडीगावकराविरुद्ध आले असते, तर आधी त्याला बोलावून चहा दिला असता. राजरत्न कासारेबद्दल मात्र सर्वांना लगेच पटले. का पटले, ते आपण जाणता आणि अर्जदारही जाणतो. तेच जाणून त्याने ते नाव लिहिले होते.

७. निलंबनाच्या अकराव्या दिवशी राजरत्न घरी बेशुद्ध पडला. पालिकेच्या रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. बायको सुचित्रा कॉटपाशी रडत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला समजावले, ते भेटायला गेलेल्या अर्जदाराने मागे उभे राहून ऐकले. "याला डायबेटिस आहे, कोणाला कळलाच नाही. साखर वापरता येईना, म्हणून शरीर चरबी जाळत सुटलं. त्यातून ॲसिटोन तयार होतं, श्वासातून बाहेर येतं. बरोबरच्या कोणाला वास नाही आला?" सुचित्रा म्हणाली, "कामावर आला असंल कुणाला. आम्हाला काय कळतंय त्यातलं?" अर्जदाराने हातातले शहाळे पुढे केले. सिस्टरने ते काढून घेतले, म्हणाली, साखरेच्या पेशंटला हे आणतात का?

८. तात्पर्य, साठ्यातून गेलेले ॲसिटोन अर्जदाराच्या घरी आहे, आणि राजरत्नच्या तोंडाला येणारे त्याच्या शरीराने बनवले होते. त्याने प्रयोगशाळेतला एक थेंबही घेतलेला नाही. ज्या ज्या खुणा पत्रात गुन्हा म्हणून मांडल्या, त्या एकूण एक आजाराच्या होत्या. त्याच खुणा कुणी वेळेवर बायकोच्या कानावर घातल्या असत्या तर तो अतिदक्षता विभागात गेला नसता.

९. शुद्धीवर आल्यावर राजरत्नने अर्जदारालाच बोलावले. "जयवंतदादा, सोमवारी सुनावणी आहे म्हणतात. मला कॉलेजचं ते मराठी जमत नाय. तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा माझा अर्ज." आता आयुष्यभर इन्सुलिन घ्यायचे, मुलगी बारावीला, आणि घरात कमावते दोन हात त्याचेच. अर्जदार 'लिहितो' म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर बसला. तीनदा त्याच्या नावाने मायना लिहिला, तीनदा फाडला. चौथ्यांदा लिहिला तो हा. 'अर्जदार' असे लिहिले की तो कोणी दुसराच माणूस वाटतो, म्हणून तो शब्द सोडवला नाही. तेवढी भीड अजून आहे.

१०. येथवरचा मजकूर काल अर्जदाराने राजरत्नला कॉटपाशी बसून वाचून दाखवला. त्याने तो आपल्या बाजूचा अर्ज समजून ऐकायला सुरुवात केली होती, दुसऱ्या परिच्छेदानंतर मान फिरवली. शेवटपर्यंत भिंतीकडे पाहत राहिला. शिवी दिली असती तर बरे झाले असते. मग इतकेच म्हणाला, "ती बाटली घरात कुठं ठेवता?" अर्जदार म्हणाला, देवघराखालच्या फळीवर. राजरत्न म्हणाला, "देवघरात समई असते ना, दादा. बूच घट्ट लावता ना? पोरगी बसते तिथं." अर्जदार तसाच उठून घरी गेला. समई तेवत होती. मुलगी फळीला टेकून कोणाची तरी नखे रंगवत होती. बूच सैल होते.

सबब विनंती की, श्री. कासारे यांचे निलंबन तात्काळ रद्द करून त्यांना अडवलेल्या पगारासह व आजारपणाच्या रजेसह कामावर घ्यावे. तशी सूचना त्याच फलकावर, तितक्याच ठळक अक्षरांत लावावी. निनावी तक्रार व साठ्यातील तूट अर्जदाराच्या नावे नोंदवावी. निवृत्तीला सात महिने उरले आहेत, हे कारवाई करताना विचारात घेऊ नये. सोमवारी अर्जदार स्वतः हजर राहील आणि सर्वांसमक्ष सांगेल. तेव्हा त्याला 'मी' म्हणावे लागेल. ते तो म्हणेल.

आपला नम्र,
जयवंत लवू घाडीगावकर
(यापूर्वी 'एक हितचिंतक')

सोबत :
१) रुग्णालयाच्या केसपेपरची प्रत, श्री. कासारे यांच्या संमतीने.
२) तोंड पुसले गेलेले जुने ओळखपत्र.
३) खोकल्याच्या औषधाची बाटली, एक, निम्मी भरलेली. बूच घट्ट लावले आहे.