चेटकिणीच्या हनुवटीवरचं गोंदण

अव्वा,

गेल्या रविवारी एका लहान मुलीच्या वाढदिवसासाठी मी चेटकीण तयार केली. तुला सांगायचं ते एवढंच आहे, पण नुसतं एवढंच सांगितलं तर तू म्हणशील, नीट बोल, अर्धं गिळू नकोस. म्हणून नीट लिहितो. इथे शहरात सगळे आई म्हणतात. मी मात्र मनातल्या मनात अजून अव्वाच म्हणतो, दुधनीपलीकडच्या आपल्या गावात म्हणायचो तसंच. तुला जाऊन दहा वर्षं होत आली. नववीत सुटलेली शाळा पुन्हा काही धरता आली नाही, पण आता मी वाढदिवसांची सजावट करतो. फुगे, कमानी, पडदे, मुलांचे खेळ. नावाची पाटी मी स्वतः लिहितो आणि ती दोनदा तपासतो. तू टॉवेलच्या कारखान्यातून सुटलीस की आपण चालत घरी यायचो आणि तू मला दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लावायचीस. तुला एक अक्षर येत नव्हतं, तरी मी कुठे अडखळलो ते बरोबर कळायचं. ती सवय आता पोटाला उपयोगी पडते.

होटगी रस्त्याच्या बाजूला एका फ्लॅटमधल्या मॅडमनी बोलावलं. "दादा, तिला जादूगारांची पार्टी पाहिजे. सगळी मुलं उंच टोप्या घालून येणार. जमेल ना?" मी असलं कधी केलं नव्हतं. तरी म्हणालो, जमेल की, मॅडम. मग घरी येऊन मोबाइलवर चित्रं बघत बसलो. काळ्या कार्डशीटच्या टोप्या, कड कपाळाला टोचू नये म्हणून आतून मऊ पट्टी. अस्तराच्या कापडाचे झगे, पायात येऊन मूल पडू नये म्हणून गुडघ्याच्या वर. कागदाच्या गुंडाळ्यांवर गरम गोंद ओतून सोनेरी रंग दिलेल्या छड्या. छताला नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेल्या बॅटरीच्या मेणबत्त्या. मोठ्या पातेल्यात हिरवं खसचं सरबत, त्यावर 'जादूचा काढा' अशी चिठ्ठी. हे सगळं मी नमुन्यासाठी घेऊन गेलो, तेव्हा हॉलमध्ये खुर्चीवर मॅडमच्या सासूबाई बसल्या होत्या. मूळच्या मोहोळकडच्या. त्यांनी पुठ्ठ्याचं घुबड हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाढदिवसाला काळं? आन् वर घुबाड? माझ्या नातीवर कुणी करणी केली म्हणायचं का काय?"

"आई, हे लहान मुलांचं असतं. परदेशातलं," मॅडम म्हणाल्या.

"परदेशातलं घुबाड येगळं असतंय व्हय?"

मला हसू येत होतं, पण भीतीही वाटत होती. मग त्यांची नजर पिशवीतल्या केरसुणीवर गेली. जादूगार झाडूवर बसून उडतात, म्हणून मी ती आणली होती. "ही लक्ष्मी हाय. पोरं हिच्यावर पाय टाकून बसणार?" मी लगेच म्हणालो, नको आजी, खराटा आणतो. त्यांनी थोडा विचार केला. "खराटा चालंल. त्यो अंगणाचा हाय." मग मॅडमनी विचारलं, "आणि खेळ काय ठेवणार?" खेळाचं मी काहीच ठरवलं नव्हतं. आता ऑर्डर जाणार असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "चेटकिणीला बॉल मारायचा, मॅडम. गड्ड्याच्या जत्रेत ग्लास पाडतात ना, तसं. पडली की चॉकलेट." मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी टाळी वाजवली.

अव्वा, तो शब्द आपल्या घरात चालत नव्हता. आपण नवीन नवीन सोलापूरला आलो होतो. बोळातल्या एका म्हातारीच्या दारात आमचा बॉल गेला आणि तिनं तो ठेवून घेतला. मी घरात येऊन म्हणालो, त्या चेटकिणीनं बॉल दिला नाही. तू स्टोव्ह बंद केलास. तव्यावर भाकरी अर्धीच भाजलेली होती. तू मला मारलं नाहीस, मारलं असतंस तर बरं झालं असतं. "त्यो शब्द ह्या घरात बोलायचा न्हाय. भाईर बी न्हाय. कुणाची तरी आई आसंल ती." मग स्वतः गेलीस, तिच्याशी बराच वेळ बोललीस आणि बॉल घेऊन आलीस. भाकरी कच्चीच राहिली. आपण ती तशीच खाल्ली.

तू का चिडलीस हे मला तेव्हाही माहीत होतं. गावात तू पोरांची दृष्ट काढायचीस. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही, तर म्हणायचीस, लई लागली होती गं बाई. बाया रांगेनं पोरं घेऊन यायच्या आणि तू कुणाला नाही म्हणायची नाहीस. मग एका तापानं फणफणलेल्या पोराला आणलं. तू म्हणालीस, हे दृष्टीचं न्हाय, दवाखान्यात न्या. त्यांनी आधी दृष्ट काढायला लावली. दोन दिवसांनी पोर गेलं. त्यानंतर तू रस्त्यानं निघालीस की बाया आपापली पोरं आत ओढायच्या. मोठी माणसं तोंडावर बोलत नव्हती, पोरं चेटकीण म्हणायची. एकदा आपण दोघं पाणी घेऊन येत होतो, तर मागून ढेकूळ आलं आणि तुझ्या पाठीवर फुटलं. तू म्हणालीस, "माघारी बघू नगंस. कळशी सांडंल." मी बघितलं नाही. घरी येऊन तू कळशी उतरवलीस आणि पदर झटकून स्वयंपाकाला लागलीस. मी चुलीपाशी बसून तुझ्या पाठीवरचा मातीचा डाग बघत होतो. तो डाग मला आत्ताही दिसतो. तू पीठ मळता मळता चुलीकडे वळतेस आणि हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके जाळाच्या उजेडात हलतात.

एवढं सगळं ठाऊक असून मी चेटकीण केली. बांबूच्या पट्ट्यांचा सांगाडा, वर काळा झगा, पुठ्ठ्याचा चेहरा. पाटीवर 'चेटकिणीला मारा' लिहिलं. त्या शब्दातली वेलांटी पहिली की दुसरी, ह्याचीसुद्धा खात्री करून घेतली. जो शब्द तू मला बोलू दिला नाहीस, तो मी शुद्ध लिहिला. चेहरा रंगवताना नाक वाकडं केलं, दात काढले, केस पिंजारले. तरी हनुवटी मोकळी मोकळी वाटत होती. हिरवं स्केचपेन हातात होतं. मी तीन ठिपके दिले आणि मग चेहरा पुरा झाल्यासारखा वाटला. मला तेव्हा काहीही आठवलं नाही, अव्वा. खरंच नाही.

रविवारी सगळं नीट झालं. टोप्या बसल्या, कुणी झग्यात अडकलं नाही, काढा दोनदा संपला. खराट्यावरून पोरं हॉलभर उडत होती. मग खेळ सुरू झाला. "मारा! मारा!" असं सगळी ओरडत होती. पहिल्या दोघांचा नेम चुकला. तिसरा मारणार तेवढ्यात आजी खुर्चीतून उठल्या. "थांबा रं जरा." त्या जवळ गेल्या आणि वाकून बघायला लागल्या. "हिला गोंदलंय की." त्यांनी स्वतःच्या हनुवटीला हात लावला. तिथे तसेच तीन ठिपके होते, म्हातारपणानं पुसट झालेले. इतके दिवस मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "आजी, तू पण चेटकीण आहेस?" आणि सगळी पोरं हसली. मॅडमचा चेहरा उतरला. "दादा, हे तुम्ही कुणाला बघून काढलं?"

मला तेव्हा तू दिसलीस. चुलीपाशी, तशीच. आणि मी म्हणालो, "नेटवरून, मॅडम. चित्रात तसंच होतं."

ठिपके पुसून निघेनात. मी त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता ती तोंड बांधल्यासारखी दिसायला लागली. खेळ पुढे चालू झाला आणि ती पुन्हा पुन्हा पडत राहिली. दर वेळी मीच तिला उचलून उभी करत होतो, कारण ते माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी कमानीचे पाइप आणायला गेलो तेव्हा मॅडम कामावर गेल्या होत्या आणि आजी एकट्याच होत्या. त्यांनी चहा दिला. कालचं काही काढलं नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. पाइप दारापर्यंत नेले, खाली ठेवले आणि परत आत आलो. म्हणालो, आजी, मी काल खोटं बोललो. ते गोंदण माझ्या आईचं आहे.

त्यांनी स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हाय का ती?"

"नाही. जाऊन लई वर्षं झाली."

"मग चेटकिणीला कशापायी दिलंस रं ते?"

मी सांगितलं. गावाचं, ढेकळाचं, सगळं. कुणाला पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी माझा कप उचलून आत नेला आणि आतूनच म्हणाल्या, "पाटी फाडून टाक. आन् तिला काळ्यात ठिवू नगंस." मी घरी येऊन पाटी फाडली, झगा काढला, सांगाडा सोडवला. चेहरा मात्र फाडवत नाही. चिकटपट्टी नखानं उचलून हळूहळू सोडवली, तर ठिपके तसेच होते. आता तो कपाटावर पालथा आहे.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे मला तुझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं, त्या पाट्यांसारखं. इथपर्यंत मी वाचलंही असतं. पुढचं वाचलं नसतं. आजींनाही ते मी सांगितलं नाही. पार्टीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चेटकीण तयार झाल्यावर ती बॉल लागला की पडते की नाही, हे बघायला हवं होतं. मी खोलीचं दार लावलं, पाच पावलं मागे गेलो आणि पहिला बॉल मीच मारला. नेम बरोबर बसला, आणि मला बरं वाटलं.