‘आपली बेटे’

३ मार्च
दफ्तरखान्यात पुरावा सापडला. आपल्या बंदराच्या कप्तानाचं दीडशे वर्षांपूर्वीचं पत्र. स्वच्छ ओळ : ‘आपली बेटे पाहिली. दोन्ही ओसाड आहेत.’ आपली! शेजारच्या देशाशी दोन बेटांवरून चाललेला वाद मिटला. बढती नक्की. कागद जीर्ण, म्हणून पाठीला पुठ्ठा चिकटवला.

४ मार्च
शेजारच्या टेबलावरचा चष्मिस म्हणाला, अरे शहाण्या, जुन्या पत्रांना पाकीट नसायचं, पत्ता पाठीवर असतो, तो वाचलास का? म्हटलं, पाठ शत्रूला दाखवतात. तो हसला. मी लोखंडी रूळ फेकून मारला. त्याच्या भुवईला तीन टाके.
उद्यापासून राग बंद.

९ मार्च
पत्र टीव्हीवर. जमावाने ‘तिकडच्या’ घड्याळजीचं दुकान फोडलं, त्याचा हात मोडला. घोषणा माझीच : आपली बेटे! हिंसा मला मान्य नाही. मी फक्त दाराला एक लाथ घातली. ते आधीच खिळखिळं होतं.

१२ मार्च, दुपार
मेहुणा नौदलात. त्याची तुकडी बेटांवर उतरली. बायको म्हणाली, कागद पक्का आहे ना? मला भाऊ एकच आहे. म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.
मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, बेटं कसली, पक्ष्यांचे संडास आहेत! मुलगा चांगला. इतिहासाची जाण नाही.

१६ मार्च
तोफा. आपले अकरा गेले, त्यांचे वीस. म्हणजे आपली बाजू भक्कम. मेहुण्याचा फोन लागत नाही. बायकोला समजावलं, समुद्रात रेंज नसते. तिने ताट फेकलं. कानाला लागलं.

१७ मार्च
बेटांचा खटला आंतरराष्ट्रीय कोर्टात, त्यासाठी कागद तपासणाऱ्या बाई आल्या. वाफ देऊन पुठ्ठा सोडवला. पाठीवर पत्ता : तिकडच्या राजाचा. बाई म्हणाल्या, अहो, हे ‘आपली’ म्हणजे ‘तुमची’. राजाला आदराने लिहिलंय.
कप्तानाची चूक. शत्रूशी इतकं नम्र कशाला व्हायचं?
पत्र हिसकावलं. मधोमध फाटलं. रखवालदाराने पोटात गुद्दा घातला. आता पुरावा कोणाकडेच नाही. म्हणजे बरोबरी.

१९ मार्च
मेहुण्याला आणलं. पेटी उघडू नका म्हणाले. बायकोने मला खांदा देऊ दिला नाही.
तशी गरजही नव्हती. पेटी फार हलकी होती.